गुणवंतांच्या पानावरची गादी

लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारात मकबूल पिंजाऱ्याच्या गाद्यांच्या दुकानात शिवम वेबसाइट विकायला आला, तेव्हा २०१३ सालचा मे महिना संपत आला होता आणि मकबूलचाचांच्या मिशांवर रुई बसलेली होती. तशी ती बेचाळीस वर्षं बसतच होती. पिंजणाचं मशीन धडधडत होतं आणि शिवम त्या धडधडीच्या वर ओरडून सांगत होता की आता धंदा मोबाइलवर आलाय.

"पोरं आता गोलाईत येऊन गादी बघत न्हाईत चाचा. मोबाइलवर बघतात."

"मोबाइलवर बसून बघता येतंय का?" चाचांनी विचारलं.

हा त्यांच्या दुकानाचा एकमेव कायदा होता. गादी बसून बघितल्याशिवाय कुणी न्यायची नाही. घाईत असलेल्या गिऱ्हाइकालाही ते हाताला धरून खाली बसवत. त्यापायी दोन-चार गिऱ्हाइकं तुटली होती, पण कायदा तुटला नव्हता.

शिवमने मग ठेवणीतलं वाक्य काढलं. वेबसाइट सगळं जग बघतं.

"मुखेडात दिसंल का?" चाचांनी विचारलं.

"मुखेड जगातच हाय की चाचा."

"आन् मुखेडची खेडी?"

"टॉवर हाय तिथं सगळीकडं."

चाचांनी हात लांब करून मशीन बंद केलं. आतल्या खोलीत उशा शिवत बसलेली त्यांची बायको रहमतबी लगबगीने बाहेर आली, कारण ते मशीन फक्त नमाजाला आणि लोडशेडिंगला थांबत असे आणि आत्ता दोन्हींची वेळ नव्हती. बाहेर बघते तर चाचा एका परक्या पोराला चहा पाजून राहिलेले. तिला वाटलं, माणूस आजारी पडला.

याचं कारण माळ्यावर होतं. माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळलेली एक डबल गादी आणि दोन उशा होत्या. ती गादी वाघजाळीच्या हणमंतरावांची.

वाघजाळी हे तेरणेकाठचं गाव. वीस वर्षांपूर्वी पोळ्याच्या आठवड्यात हणमंतराव एसटीच्या टपावर रुईची दोन गाठोडी टाकून लातूरला आले होते. रुई स्वतःच्या रानातली, सरकी काढलेली, वजनाला अठरा किलो. दिवाळीनंतर पोरीचं लग्न होतं. सोबत एक जुनं हिरवं लुगडंही होतं. पोरीच्या गादीला आतलं अस्तर आईच्या लुगड्याचं लावायचं, असं हणमंतरावांनी स्वतःच ठरवलं होतं. लुगड्याच्या पदराजवळ कुणीतरी काळ्या दोऱ्याने एक भोक बुजवलं होतं, आणि ते इतकं वेडंवाकडं बुजवलं होतं की चाचांना बघवेना. हिरव्या कापडाला काळा दोरा, तोही गाठी पाडून. "हे उसवून नीट करू का?" असं त्यांनी विचारलं, तर हणमंतराव हसून म्हणाले, "राहू द्या मकबूलभाई. लई मार खाल्लाय त्यापायी." कुणी खाल्लाय ते त्यांनी सांगितलं नाही आणि चाचांनीही विचारलं नाही.

"गणपती बुडवले की दुसऱ्या दिवशी येतो," हणमंतराव जाताना म्हणाले. "बसून बघतो आन् नेतो."

गणपती बुडवले. दुसरा दिवस तीस सप्टेंबरचा होता. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली आणि तेरणेकाठची गावं आपापल्या मातीच्या माळवदांखाली गेली. वाघजाळीत उभी भिंत राहिली नाही.

त्या आठवड्यात मदतीचा ट्रक गोलाईत आला तेव्हा चाचांनी दुकानातल्या चाळीसच्या चाळीस गाद्या ट्रकात भरून दिल्या. ट्रकावरच्या पोरांना माळ्यावरची एकेचाळिसावी दिसली. तीही द्या म्हणाले. "ती माझी न्हाई," चाचा म्हणाले. पोरांपैकी एकजण जाता जाता म्हणाला की म्हातारा कंजूस आहे. चाचा तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे होते. कंजूस म्हटल्याचं आणि म्हातारा म्हटल्याचं, दोन्हीचं त्यांना अजून वाईट वाटतं.

नंतर चाचा हणमंतरावांच्या माणसांना शोधायला निघाले. कचेरीत एका कारकुनाने मेलेल्यांची यादी दाखवली. हणमंतराव, त्यांची बायको, दोन मुलं. लेक म्हणून कुणाचं नाव यादीत नव्हतं. म्हणजे पोरगी जिवंत होती, पण तिचं नावच चाचांना ठाऊक नव्हतं. पुढे नवी वाघजाळी वसली, पत्र्यांची, मग सिमेंटची. तिथे जाऊन "हणमंतरावाची लेक कुठं हाय" असं विचारलं तर माणसं सावध झाली. त्या काळात भरपाईसाठी कुणीही कुणाचाही सोयरा व्हायचा, आणि हा तर पार लातूरहून आलेला. शेवटी एका म्हातारीने सांगितलं, ती मुखेडकडं मावशीच्यात होती, तिकडंच तिचं लगीन झालं. मावशीचं गाव कोणतं? न्हाई बा ठाऊक.

चाचा मुखेडलाही गेले. आठवडी बाजारात उभं राहून त्यांनी दिसेल त्याला विचारलं, की वाघजाळीची पोरगी कुणाच्या घरात दिलीय. दाढीवाला, अनोळखी माणूस दुसऱ्याच्या सुनेची चौकशी करून राहिला म्हटल्यावर चार जणांनी त्यांना घेरलं. "तुमचं तिचं काय नातं?" एकाने विचारलं. "गादी," चाचा म्हणाले. त्यांना नीट एसटीत बसवून देण्यात आलं.

तेव्हापासून दर दोन वर्षांनी उन्हाळ्यात चाचा ती गादी खाली काढत, उसवत, रुई पुन्हा पिंजत, भरत, दोन दिवस उन्हात घालत आणि पुन्हा माळ्यावर चढवत. बंद राहिली तर रुईचे गोळे होतात, उंदीर घर करतात. आणि पिंजली तर दर खेपेला थोडी धूळ होऊन उडून जाते. अठराची साडेतेरा किलो झाली होती. रहमतबी म्हणे, आपली घाला चार किलो, कोण बघतंय. चाचा म्हणत, "मग ती हणमंतरावाची राहील का?" काळा दोराही त्यांनी तसाच ठेवला होता. बाकी सगळं मनाजोगतं शिवलेल्या त्या गादीत ती एक जागा त्यांना दर खेपेला खुपायची, पण ती जागा त्यांची नव्हती.

आता अडचण अशी होती की हा त्यांचा शेवटचा सीझन होता. छातीत रुई बसलीय, मशीन बंद करा, असं डॉक्टरने दोनदा सांगितलं होतं. रेणापूरच्या एका माणसाशी मशीनची बोलणी झाली होती. पाऊस थांबला की तो येऊन उचलणार होता. मशीन गेल्यावर हणमंतरावांची रुई पिंजणार कोण? दुसऱ्याची अमानत घरात ठेवून आपण डोळे मिटणार, या एका भीतीने चाचांची झोप उडाली होती. गाद्या बनवणाऱ्या माणसाला झोप येत नाही, हे ते कुणाला सांगतही नव्हते.

तर वेबसाइट ठरली.

शिवमने तोवर चार वेबसाइटा केल्या होत्या आणि चारही क्लासेसच्या होत्या. लातुरात दुसऱ्या कशाची करणार? दहावी झालेली पोरं सगळीकडून या गावात येतात, दोन वर्षं एका खोलीत घोकत बसतात, आणि कुणी डॉक्टर होऊन जातं, कुणी नुसतंच जातं. प्रत्येकाला एक गादी लागते. शिवमच्या कामात पाच पानं ठरलेली होती. मुखपृष्ठ, आमच्याविषयी, आमचे प्राध्यापक, आमचे गुणवंत, संपर्क.

"गादीच्या दुकानात प्राध्यापक कशाला?" चाचांनी विचारलं.

"एक पान काढलं की बाकीची पडतात चाचा. आतून जोडलेली हायत."

हे चाचांना पटलं. एक टाका उसवला की शेजारचे ढिले पडतात, हे त्यांना शिकवायला नको होतं. प्राध्यापकांच्या पानावर मग 'मकबूल पिंजारी, विषय पिंजण, अनुभव बेचाळीस वर्षे' आणि 'रहमतबी, विषय शिलाई' अशी नावं लागली. रहमतबीने चेहऱ्याचा फोटो द्यायला नकार दिला, म्हणून तिच्या हाताचा सुईसकट फोटो लावला. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिला प्राध्यापक केलं होतं. ती दिवसभर कुणाशी भांडली नाही.

वर 'प्रवेश सुरू, मर्यादित जागा' अशी लाल पट्टी उघडमीट करत होती. ती थांबत नव्हती.

राहिलं गुणवंतांचं पान. त्यात पहिल्या आलेल्या पोरांच्या फोटोंसाठी सहा गोल चौकटी होत्या. शिवम म्हणाला, उशांचे फोटो टाकू. चाचा म्हणाले, "तिथं मी सांगतो ते लिव," आणि उभं राहून त्यांनी सांगितलं:

'वाघजाळीचे हणमंतराव यांची गादी व दोन उशा तयार आहेत. मुलीने किंवा जावयाने येऊन, बसून बघून, घेऊन जावे. मकबूल पिंजारी.'

एक चौकट भरली तर पाच रिकाम्या वाईट दिसत होत्या. म्हणून शिवमने त्याच गादीचा फोटो सहाही चौकटींत लावला. प्रत्येक चौकटीखाली 'हार्दिक अभिनंदन!' असं सोनेरी अक्षरात आपोआप उमटलं. "हे काढ," चाचा म्हणाले. शिवमने तासभर खटपट केली आणि घाम पुसत सांगितलं की ते निघत नाही.

पहिले दोन दिवस काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवशी नांदेडहून एका गृहस्थाचा फोन आला.

"ती गुणवंतांची गादी हाय न्हवं तुमच्याकडं, ती बुक करायची होती."

"ती विकायची न्हाई," चाचा म्हणाले.

"सहाच्या सहा पोरं त्याच गादीवर झोपून लागली का?"

"कुठं लागली?"

"मेडिकलला."

चाचांनी फोन ठेवला. मग दुसरा आला. मग दिवसाला दहा यायला लागले. गुणवंतांचं पान, सहा चौकटी, एकच गादी, खाली अभिनंदन. लातुरात हे वाचून माणसं जो अर्थ काढतील तोच काढून राहिली होती. हणमंतराव म्हणजे कुणीतरी मागच्या साली पहिला आलेला पोरगा असणार, गरीब घरचा, असंही ठरून गेलं. होस्टेलांमध्ये गोष्ट पसरायला दोन दिवस लागले. नांदेडकडचा एक बाप पोराला घेऊन रेल्वेने आला आणि म्हणाला, विकू नका, पण पोराला पाच मिनिटं हिच्यावर बसू द्या. ज्या माणसाने जन्मभर लोकांना धरून धरून गादीवर बसवलं, त्याने पहिल्यांदाच कुणाला तरी बसायला नाही म्हटलं. तो बाप जाताना दुसरी गादी घेऊन गेला. ती त्याला रहमतबीने विकली. अशा तिने त्या आठवड्यात तेवीस विकल्या. "लई चांगली निघाली जी वेबसाइट," ती म्हणाली.

पुढे याहून वाईट झालं. पानावर मुलगी किंवा जावई असं लिहिलेलं होतं, ते लोकांच्या ध्यानात आलं. पहिला जावई उदगीरहून आला. मग दोन मुली आल्या, एकाच दिवशी, एक सकाळी आणि एक दुपारी. मग एक बाई फोनवर रडली. वीस वर्षं ज्या घरात कुणी उरलं नव्हतं, त्या घराला चार दिवसांत चार वारस झाले.

चाचांनी सगळ्यांना एकच प्रश्न घातला. "आतलं अस्तर कसलं हाय?"

जावई म्हणाला, पांढरं मांजरपाट. सकाळची मुलगी म्हणाली, लाल. दुपारची म्हणाली, चांगल्यातलं. फोनवरच्या बाईने रडणं थांबवून विचारलं, तुमच्याकडं कसलं मिळतं?

चाचांना इतका राग कधी आला नव्हता. पोराला दोन मार्क जास्त पडावेत म्हणून मेलेल्या माणसाची लेक व्हायचं, त्याच्यासाठी रडायचं! त्यांनी शिवमला बोलावून सगळं बंद कर म्हणून सांगितलं. शिवम म्हणाला, "असं कसं चाचा, क्लासवाले मला इचारून राहिले की ही आयडिया कुणाची म्हणून." चाचांनी पायातली चप्पल हातात घेतली नाही, एवढंच. शिवम म्हणाला, बरं, सोमवारी बंद करतो.

शनिवारी दुपारी आणखी एक फोन आला.

"गादी कारखाना का?" बाईमाणसाचा आवाज होता.

"हाव."

"वाघजाळीच्या हणमंतरावाची गादी हाय म्हणं तुमच्याकडं. मी त्यांची लेक. सिंधु."

ही पाचवी, चाचांनी मनात मोजलं. "आतलं अस्तर कसलं हाय?"

चाचा फोन ठेवणार तेवढ्यात ती म्हणाली, "मला न्हाई ठाऊक चाचा. मी तवा मावशीकडं होते. मुखेडला."

आजवर 'मला ठाऊक नाही' असं कुणी म्हणालं नव्हतं. आणि मुखेडचं नाव वेबसाइटवर कुठेच नव्हतं. चाचा खाली बसले. शेजारी गादी होती म्हणून बरं, नाहीतर ते फरशीवर बसले असते.

"या," ते म्हणाले. "उद्या या."

रविवारी सिंधु मुखेडहून एसटीने आली. चाळिशीला टेकलेली, उन्हाने रापलेली, पायात धुळीच्या चपला. सोबत सुकन्या, तिची लेक, दहावी होऊन लातूरला क्लासला घातलेली. होस्टेलसाठी गादी बघायला म्हणून सुकन्यानेच मोबाइलवर 'लातूर गादी' असं शोधलं होतं, आणि गंमत म्हणून आईला मोठ्याने वाचून दाखवलं होतं.

"मला वाटलं आमचे आजोबा कुठल्या तरी परीक्षेत पास झाले," सुकन्या म्हणाली. "खाली अभिनंदन लिव्हलेलं."

"आबा मावशीकडं भेटायला आले तवा म्हणले होते, लातूरला रुई टाकलीय," सिंधु म्हणाली. "कुणाकडं ते न्हाई बोलले. मी समजून चालले, ती बी घराखालीच गेली."

चाचा माळ्यावर चढले. रहमतबी खालून म्हणत होती, संभाळके जी, संभाळके. त्यांनी गादी खाली घेतली, चादर सोडली आणि वरच्या खोळीचा एक कोपरा उसवला. आत हिरवं दिसलं.

"आईचं लुगडं," सिंधु म्हणाली.

चाचांना तेवढं पुरेना. कापड बघितल्यावर कुणीही म्हणेल, आईचं. मागच्या चौघांपैकी एखाद्यालाही तेवढं सुचलं असतं. विश्वास ठेवावा असं त्यांना फार वाटत होतं, आणि म्हणूनच ते ठेवत नव्हते.

सिंधुने त्या हिरव्या कापडाला अजून हात लावला नव्हता. ती जरा पुढे वाकली.

"पदर कुण्या अंगाला हाय चाचा? पदराजवळ एक भोक होतं. चुलीतला निखारा माझ्या हातून उडाला होता. आईला कळू नाही म्हून मीच बुजवलं, घरात काळाच दोरा होता." ती थांबली. "लई मारलं होतं तिनं. निखाऱ्यासाठी न्हाई, दोऱ्यासाठी. म्हनली, हिरव्याला काळा लावतंय का कुणी."

चाचांनी दुसरा कोपरा उसवला आणि तिच्यापुढे सरकवला. काळ्या दोऱ्याच्या गाठी तशाच होत्या. सिंधुने त्यांच्यावर अंगठा ठेवला आणि उचलला नाही. चाचांना रडू आलं. मिशीवरची रुई झटकायची म्हणून त्यांनी तोंड पुसलं, पण त्याने कुणी फसलं नाही.

"बसून बघा," ते म्हणाले. "आमच्याकडं बसून बघितल्याबिगर नेत न्हाईत."

सिंधु गादीवर बसली. हाताने इकडेतिकडे चाचपलं. मग एका कुशीवर कलंडली, नेणाऱ्या माणसाने कलंडून बघावं तशी. पाय पोटाशी घेतले. आणि बघता बघता तिला झोप लागली.

चाचांनी हात लांब करून मशीन बंद केलं. जून महिना, भर सीझन, रविवार, दुकानापुढे गिऱ्हाइकं. रहमतबीने शटर अर्धं खाली ओढलं. सुकन्या बाहेर रुईच्या गाठोड्यावर बसली आणि येईल त्याला सांगू लागली, "आई झोपलीय, नंतर या." कुणीतरी आत डोकावून विचारलं, ती गुणवंतांची गादी हीच का? "हीच," सुकन्या म्हणाली. दोन तास मशीन बंद होतं.

उठल्यावर सिंधुने पदर सारखा केला, गादीवर एकदा तळहात फिरवला आणि म्हणाली, "उजवीकडं जरा दबलीय."

"करून देतो नीट," चाचा म्हणाले. वीस वर्षांत या गादीबद्दल आलेली ही पहिली तक्रार होती आणि ती त्यांना फार बरी वाटली. मग जे बोलायची त्यांना सगळ्यात जास्त भीती होती ते त्यांनी बोलून टाकलं. "अठरा किलो आणली होती हणमंतरावांनी. आता साडेतेराच हाय. पिंजताना उडती. मी माझी मिसळली न्हाई."

"माझ्या लेखी सगळीच गेली होती चाचा," सिंधु म्हणाली. "साडेतेरा मिळाली की."

होस्टेलची खाट अडीच फुटांची होती. डबल गादी तिथे मावणार नव्हती. चाचांनी कात्री काढली, पण चालवेना. सिंधुने त्यांच्या हातातून कात्री घेतली, मधोमध खडूची रेघ मारली आणि चरचर कापत गेली. अर्ध्या रुईची सुकन्याची गादी करायची ठरली, एका उशीसकट. काळा दोरा उशाकडे घ्यायचा. रहमतबीने सवयीने विचारलं, ये ठीक करू क्या? सिंधु म्हणाली, नको.

"आन् ही अर्धी?" चाचांनी विचारलं. "बांधून देऊ?"

सिंधुने उरलेल्या रुईकडे बघितलं. "घरी नेली तर चार सालांत तिचे गोळे व्हतील. माझी धाकटी आठवीत हाय चाचा. तिला बी लातूरलाच घालायचंय. तवर राहू द्या की तुमच्यापाशी."

चाचांना सांगायचं होतं की हा शेवटचा सीझन आहे. डॉक्टरचं सांगायचं होतं, रेणापूरच्या माणसाचं सांगायचं होतं. वीस वर्षं ज्या ओझ्यापायी जीव टांगणीला लागला होता, ते आज निम्मं उतरलं होतं आणि उरलेलं निम्मंही बांधून दिलं असतं तर उतरलं असतं. ते रहमतबीकडे बघत राहिले. ती सुईत दोरा ओवत होती.

"बरं," चाचा म्हणाले.

सोमवारी शिवम वेबसाइट बंद करायला आला तर चाचांनी त्याला बसवून घेतलं आणि गुणवंतांच्या पानावर नवा मजकूर घालायला लावला:

'वाघजाळीचे हणमंतराव यांची गादी. अर्धी मुलीने नेली. अर्धी तयार आहे. धाकट्या नातीने दहावी झाल्यावर येऊन, बसून बघून, घेऊन जावे. इतरांनी फोन करू नये.'

खाली सहा वेळा 'हार्दिक अभिनंदन!' होतंच. शिवम म्हणाला, आता कदाचित निघेल, नवीन तोडगा सापडलाय. चाचा म्हणाले, राहू दे. मग त्यांनी तोंडाला रुमाल बांधला, रेणापूरच्या माणसाला फोन लावून मशीन आणखी तीन वर्षं मिळणार नाही असं सांगितलं, आणि उरलेली पावणेसात किलो रुई पिंजायला घेतली.